खरेदीखत आणि वहिवाट



इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात, मँचेस्टरच्या वायव्येस सुमारे 35 किलोमीटरांवर ब्लॅकबर्न नावाचे एक गाव आहे. आपला आणि त्याचा संबंध जुना आहे; मात्र तो फारसा गोडीचा नव्हता. एकोणिसाव्या शतकात त्या गावच्या मागांवर जे कापड विणले जाई, त्यातील मोठा भाग हिंदुस्थानच्या बाजारासाठी असे. आपल्या आजोबा-पणजोबांची कित्येक धोतरे तेथून आलेली असत. 1905 साली पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली. आणि 1931 साली गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले महात्मा गांधी मुद्दाम लँकेशायरात जाऊन ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेन येथे राहिले व तेथील गिरणीकामगारांना भेटले. बहिष्काराने ज्यांच्या पोटावर पाय आला होता, त्यांच्यासमोर उभे राहून त्यांनी आपली बाजू मांडली.

या जुन्या संबंधाला नोव्हेंबर 2010 मध्ये एक नवे, कोणाच्या स्वप्नातही नसलेले वळण मिळाले. कोंबड्या आणि अंडी यांच्या व्यवसायात नावाजलेल्या पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या उद्योगसमूहाने, म्हणजे सर्वांना परिचित असलेल्या 'वेंकीज'ने, ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब 2 कोटी 30 लाख पौंडांना विकत घेतला. एके काळी जे गाव आपल्याला कापड विकत होते, त्याचा जीव की प्राण असलेली संस्था आपल्या गावच्या मालकीची झाली. त्यानंतर तेथे जे घडले, त्यावरून क्लब म्हणजे नेमके काय आणि तो कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. आज त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम या क्लबाची योग्यता ध्यानात घेतली पाहिजे. त्याची स्थापना 1875 सालची. 1888 साली ज्या 12 क्लबांनी मिळून इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू केली, त्यांपैकी हा एक. एफ.ए. चषक त्याने 1928 पर्यंत 6 वेळा जिंकला. ईवुड पार्क या त्याच्या मैदानावर सुमारे 31,000 माणसे बसू शकतात, आणि गावची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आहे. म्हणजे मनात आणले तर चौथा हिस्सा गाव एका वेळी मैदानात मावेल! गिरण्या बंद पडल्या, धुराडी पाडली गेली, पेठांची रूपे पालटली. परंतु शनिवारी दुपारी मैदानाकडे जाण्याची वाट तीच राहिली. आजोबा ज्या बाकावर बसत तेथे नातू बसतो. ज्या गावाचा धंदा गेला, त्याला आपले नाव जगाच्या कानी घालण्यास हाच एक क्लब उरला होता.

आता कोणी म्हणेल की, परक्या धनिकाचा पैसा पाहून हे लोक बिथरले असावेत. परंतु धनिकांविषयी ब्लॅकबर्नकरांना यत्किंचितही तिटकारा नव्हता. जॅक वॉकर हा त्याच गावचा सुपुत्र. भावाच्या जोडीने त्याने पोलादाचा मोठा व्यापार उभारला, तो विकला, आणि 1991 साली क्लब ताब्यात घेऊन हाताला लागेल तितका पैसा त्यात ओतला. केनी डॅल्ग्लिशसारखा नामांकित मॅनेजर आणला. 1992 साली ॲलन शीअरर या खेळाडूसाठी त्या वेळचा ब्रिटिश विक्रम मोडणारी किंमत मोजली. 1995 साली रोव्हर्सने लीगचे विजेतेपद मिळवले. ते याआधी त्यांना 1914 साली मिळाले होते. इंग्लंडभर टीका झाली की हे यश विकत घेतलेले आहे. ब्लॅकबर्नमध्ये मात्र आनंदाला पारावार उरला नाही. ऑगस्ट 2000 मध्ये वॉकर वारला तेव्हा सारे गाव हळहळले. त्याचा पुतळा आज मैदानाबाहेर उभा आहे.

वॉकरच्या पश्चात क्लब त्याच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडे गेला. ट्रस्टने देणगीचा हात हळूहळू आखडता घेतला आणि गिऱ्हाईक शोधावयास आरंभ केला. अशा वेळी पुण्याहून खरेदीदार आले. प्रारंभी त्यांचे स्वागत कुतूहलाने आणि आशेनेच झाले, हे नमूद केले पाहिजे.

ही आशा लवकरच ओसरली. खरेदीनंतर महिनाही पुरता लोटला नाही, तोच सॅम ॲलरडाइस या अनुभवी मॅनेजरला काढण्यात आले. संघ त्या वेळी वीस क्लबांच्या पहिल्या श्रेणीत तेरावा होता. म्हणजे आग लागल्याची कोणतीही चिन्हे नव्हती. त्याच्या जागी स्टीव्ह कीन या त्याच्याच मदतनिसाची नेमणूक झाली. स्वतंत्रपणे संघ चालवण्याचा अनुभव त्याला नव्हता. 2011 साली खेळाडूंना पोशाखाच्या खोलीत कोंबडीच्या तंगड्या खावयास लावून एक जाहिरात काढण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात हा संघ पुण्यास येऊन बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफ.सी. या आपल्या क्लबाशी खेळला. इकडे मौज वाटली. तिकडे, घसरत चाललेल्या संघाला ऐन हंगामात सात समुद्रांपार का नेले, असा सवाल लोक विचारू लागले. त्याचे उत्तर देण्यास मालकांपैकी कोणी सहसा गावात नसे.

7 मे 2012 रोजी विगनविरुद्धच्या सामन्यात रोव्हर्स हरले आणि पहिल्या श्रेणीतून बाहेर फेकले गेले. त्या सामन्यात कोणी एकाने रोव्हर्सचे निशाण पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानावर सोडली. जगभर त्या चित्राचे हसू झाले. परंतु ज्यांनी ते केले त्यांना हसू येत नव्हते. पुढील हंगामात मॅनेजरांची रीघ लागली. 1995 च्या विजेत्या संघातला हेनिंग बर्ग या पदावर आला आणि 57 दिवसांत गेला. नुकसानभरपाईसाठी त्याला न्यायालयात जावे लागले. त्याच्यामागून आलेला मायकेल ॲपल्टन 67 दिवस टिकला. 2017 साली क्लब तिसऱ्या श्रेणीत उतरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या कोणत्याही संघावर तोवर ही वेळ आली नव्हती. पुढच्याच वर्षी, 2018 साली, तो पुन्हा दुसऱ्या श्रेणीत चढला, हेही सांगितले पाहिजे.

या काळात पाठीराख्यांनी काय केले? आरडाओरडा केला, फलक फडकवले, सभा घेतल्या. 2016 च्या सुमारास त्यांनी निषेधाचा एक मार्मिक प्रकार काढला. सामना सुरू झाल्यावर अठराव्या मिनिटाला मैदानात शिरायचे आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून जायचे. 18 आणि 75 हे आकडे जोडले की क्लबाचे जन्मवर्ष होते. या क्लबाचे आयुष्य तुमच्या खरेदीखतापेक्षा मोठे आहे, हे त्यांनी तोंडातून शब्द न काढता मालकांना सुनावले. कित्येकांनी मात्र यायचेच सोडले. पहिल्या श्रेणीत असता सामन्यागणिक सरासरी 25,000 च्या घरात असलेली गर्दी 2017 पावेतो निम्म्यावर आली. तीस-तीस वर्षांची वहिवाट मोडून शनिवारी दुपारी घरी बसून राहणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक!

मालकांची बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. त्यांनी क्लब लुटला असे म्हणता येत नाही. दरसाल येणारी तूट त्यांनी पदरमोड करून भरून काढली, आणि हा एकूण आकडा 10 कोटी पौंडांच्या कितीतरी पुढे गेला आहे. मँचेस्टर युनायटेडची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. 2005 साली अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने तो क्लब मुख्यतः कर्ज काढून घेतला आणि त्या कर्जाचा भार क्लबाच्याच अंगावर टाकला. तेव्हा संतापलेल्या काही पाठीराख्यांनी बाहेर पडून 'एफ.सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर' हा स्वतःचा क्लब काढला. तेथे प्रत्येक सभासदाला एकच मत असते, आणि अगदी खालच्या श्रेणीपासून आरंभ करून त्याने पहिल्या तीन हंगामांत तीन पायऱ्या चढून दाखवल्या. एके ठिकाणी मालकाने क्लबावर कर्ज लादले, दुसरीकडे मालकाने स्वतःचा पैसा ओतला. तरीही दोन्हीकडचे पाठीराखे सारखेच दुखावले. यावरून दुखण्याचे मूळ पैशात नाही, हे उघड होते.

ते मूळ कोठे आहे? आपल्याकडे जमिनीच्या बाबतीत दोन शब्द आहेत: एक खरेदीखत आणि दुसरा वहिवाट. कागद एकाच्या नावे असतो, आणि पिढ्यान् पिढ्या जमिनीत घाम गाळणारा दुसराच असतो. क्लबाचेही तसेच आहे. त्याचे भाग विकत मिळतात. परंतु ज्यामुळे त्या भागांना किंमत येते ती गावाची माया विकत मिळत नाही. दुकान आवडले नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. ब्लॅकबर्नचा पाठीराखा शेजारच्या बर्नलीच्या संघाकडे जाणे मात्र कालत्रयी शक्य नाही! ज्याला दुसरीकडे जाता येत नाही, त्याला विचारले तरी पाहिजे. एवढेच त्याचे मागणे असते.

2023 साली या तुटलेपणाचे एक निराळेच रूप दिसले. भारतातील अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीमुळे मालकांना इंग्लंडात पैसा पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घेणे आणि बँकेची हमी देणे भाग पडले. चौकशीचा निकाल काय लागावयाचा तो लागो. परंतु संघात नवा खेळाडू घेता येईल की नाही, हे ठरण्यासाठी ब्लॅकबर्नच्या माणसाला दिल्लीच्या न्यायालयाच्या तारखांकडे डोळे लावून बसावे लागले. फेब्रुवारी 2024 मध्ये ॲडम व्हार्टन हा गावातच जन्मलेला आणि लहानपणापासून क्लबात वाढलेला 19 वर्षांचा गुणी मुलगा लंडनच्या क्रिस्टल पॅलेस संघाला विकला गेला. खेळाडू सगळेच क्लब विकतात. परंतु त्याला का विकले आणि आलेल्या पैशाचे काय होणार, हे विचारण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न तसाच राहिला.

येथे ब्लॅकबर्नच्या पाठीराख्यांनाही एक प्रश्न विचारावासा वाटतो. वॉकरचा पैसा येत होता, चषक येत होता, तेव्हा हा अधिकार कोणी मागितला होता काय? उदार यजमानाच्या पंगतीला बसणारा माणूस त्याच्या घराचे कागद पाहावयास मागत नाही. परंतु औदार्य वारसाहक्काने चालत नाही. मालकी मात्र चालते. जॅक वॉकरने दिलेला चषक ब्लॅकबर्नच्या इतिहासात राहिला. त्याच्या हाती एकवटलेली सारी सत्ता ट्रस्टकडे, आणि तेथून पुण्याकडे गेली. चांगला धनी लाभणे हे दैव आहे. धनी चांगला असो वा वाईट, त्याला विचारण्याचा हक्क असणे ही व्यवस्था आहे; आणि व्यवस्था करावयाची ती सुकाळातच करावी लागते.

जर्मनीने ती केली. तेथील लीगच्या क्लबांत, मोजके अपवाद सोडता, निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती राहतील असा दंडक आहे. इंग्लंडला उशिरा जाग आली. 2025 साली तेथील पार्लमेंटने फुटबॉलच्या कारभारासाठी कायदा केला आणि स्वतंत्र नियामक नेमला. मालकाची पारख करणे, मैदान परस्पर विकू न देणे, क्लबाच्या रंगांसारख्या बाबतीत पाठीराख्यांचे मत घेणे, या गोष्टी आता कायद्याच्या कक्षेत आल्या आहेत. वहिवाटीची नोंद अखेर सरकारदप्तरी झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि आपण? ज्या पुणे एफ.सी.शी रोव्हर्स बालेवाडीस खेळले, त्या क्लबाने 2015 साली गाशा गुंडाळला. 2014 साली मोठ्या थाटात निघालेला एफ.सी. पुणे सिटी 2019 साली बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. भगवे सदरे घालून बालेवाडीस जाणाऱ्या तरुणांना कोणी विचारले नाही, आणि शहरानेही फारशी हाक दिली नाही. दीडशे वर्षांचा क्लब पुण्याच्या मालकीचा असूनही ब्लॅकबर्नचे लोक तो आपलाच म्हणून भांडतात. पुण्याचे दोन क्लब पुण्यातच, पुण्यादेखत नाहीसे झाले. भांडणाऱ्या माणसांचा मालकांना त्रास होतो खरा. परंतु विकत घेण्याजोगे तेथे काही असते, ते अशा माणसांमुळेच.