रक्तक्षय : थकवा म्हणजे आळस नव्हे



प्रथम माझीच एक चूक सांगतो. आठवीतील एक मुलगी तासाला नेहमी पेंगत असे. मी तिला सर्वांसमोर आळशी म्हटले. पुढे दवाखान्यात रक्त तपासले, तेव्हा तिचे हिमोग्लोबिन साडेसात ग्रॅम निघाले. ते किमान बारा हवे. मुलगी आळशी नव्हती, आजारी होती.

रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. तेच शरीरभर प्राणवायू पोहोचविते आणि ते तयार होण्यास लोह लागते. लोह कमी पडले की धाप लागते, छाती धडधडते, चक्कर येते, वाचलेले ध्यानात राहत नाही. पुढे गरोदरपणात हाच आजार राहिला, तर मूल कमी वजनाचे जन्मते आणि बाळंतपणातील रक्तस्राव आईच्या जीवावर बेततो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ४८ टक्के होते.

त्या मुलीचे वडील म्हणाले, "सर, आमच्या घरी गोश्त शिजते, रक्त कमी कसे होईल?" गोश्त शिजते खरे, पण आठवड्यातून एखादे वेळी, आणि सर्वांची जेवणे झाल्यावर मुलीच्या ताटात बहुधा रस्साच येतो. वास्तविक मासिक पाळीत तिचे रक्त जाते, म्हणून लोहाची गरज तिलाच अधिक!

उपाय अवघड नाहीत. मुलीला सर्वांबरोबर जेवावयास बसवा. बाजरी, हरभरा, मेथी, अंबाडी ताटात असू द्या. वर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. जेवणासोबत चहा मात्र नको, तो लोह शोषू देत नाही. शासनाच्या कार्यक्रमात सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्याला लोहाची एक निळी गोळी असते. ती जेवणानंतर घ्यावी. शौचास काळे झाले म्हणून घाबरून गोळी फेकू नये. जंतनाशक गोळीही चुकवू नये. उपचार घेऊनही रक्त वाढले नाही, तर बी-१२ ची कमतरता, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

पालकहो, धाडच्या आपल्या मुली शिकाव्यात म्हणून आपण वह्या-पुस्तके घेतो. आज घरी गेल्यावर मुलीच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून पाहा. आतून फिकट दिसली, तर उद्याच रक्त तपासा. लाल दिसली, तरी वर्षातून एकदा तपासा. आणि मुलगी "थकले" म्हणाली, तर तिला रागावण्यापूर्वी माझी चूक आठवा.