दुसरा गुन्हा



वासुदेव बळवंत फडके यांची कथा बहुधा धामारीचा दरोडा, पुण्यातील खटला आणि जन्मठेप येथे संपविली जाते. परंतु जन्मठेपेवर असताना त्यांनी आणखी एक गुन्हा केला, आणि तो समुद्रापलीकडे, एडनच्या तुरुंगात केला. त्या गुन्ह्याचा विचार सहसा होत नाही.

फडके पनवेलजवळच्या शिरढोणचे. जन्म १८४५ चा. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करणाऱ्या या पांढरपेशा गृहस्थाने रामोशांच्या वस्तीत जाऊन माणसे उभी करावीत, याचे मूळ १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आहे. त्याआधीच, १८७५ मध्ये, सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले होते. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीवर दरोडा पडला. मे महिन्यात फडक्यांचा जिवलग सहकारी दौलतराव नाईक मारला गेला, आणि त्यांनी रोहिल्यांची नवी फौज उभारण्यासाठी निजामी मुलखाकडे मोर्चा वळविला. परभणी तेव्हा त्याच मुलखात होती. निजामाची हद्द म्हणजे इंग्रजांपासून आसरा, हा हिशेब मात्र चुकला. २० जुलै १८७९ रोजी देवर नावदगी येथे त्यांना पकडले, तेव्हा मेजर डॅनियलबरोबर निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हकही होता. संस्थानिक आणि साम्राज्य यांचे नाते काय असते, हे १९४८ पर्यंत निजामी अनुभवलेल्या परभणीकरांना निराळे सांगायला नको.

खटला चालला, गणेश वासुदेव जोशी यांच्यासारखा वकील धावून आला, जन्मठेप झाली. गंमत अशी की, कर्जबाजारी शेतकऱ्याला दिलासा देणारा दख्खन शेतकरी कायदा सरकारने त्याच १८७९ साली केला!

एडनचा कारभार तेव्हा मुंबई इलाख्याकडे होता. भोवती खडक, वाळवंट आणि समुद्र. ओळखीचे माणूस नाही. तरीही फडक्यांनी कोठडीचे दार बिजागरीतून उखडले आणि ते बाहेर पडले. थोड्याच वेळात पकडले गेले. पळून जाणार कोठे, हा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. जन्मठेपीच्या कैद्यापुढे दुसरा प्रश्न असतो: आत राहून मिळणार काय?

या प्रश्नाला १८६० च्या दंडसंहितेकडे उत्तर नव्हते. काळ्या पाण्याहून बेकायदा परत येणाऱ्यास कलम २२६ ने शिक्षा ठेवली होती ती पुन्हा आजन्म काळ्या पाण्याचीच! जन्मठेपीच्या कैद्याने खून केला, तर कलम ३०३ अन्वये फाशीवाचून दुसरी शिक्षा नव्हती. न्यायाधीशाने कारण विचारण्याची सोयच नाही. अंदमानात चांगल्या वर्तणुकीचा कैदी म्हणून न्हाव्याचे काम मिळालेल्या शेर अलीने ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय मेयोला भोसकले आणि सुमारे महिन्याभराने तो फासावर गेला. हद्दपारी माणसाला सुधारते, या दाव्याचे अशा वेळी काय उरते? कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले ते १९८३ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर छत्तीस वर्षांनी.

फडक्यांना निदान चरित्रकार लाभले. त्यांच्या टोळीतील रामोशी, कोळी, धनगर यांच्या वाट्याला ‘दरोडेखोर’ एवढाच शब्द आला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर काही जमातींना जन्मतःच पुनरपराधी ठरविले. १९११ नंतर त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केलाच. चोरी झाली की पोलीस प्रथम कोणाच्या पालावर जातात, हे या जिल्ह्यातील पारध्याला विचारावे.

पकडून आणल्यावर फडक्यांनी अन्न वर्ज्य केले, असे सांगितले जाते. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगातच ते गेले. वय अवघे सदतीस.