पांढऱ्या कागदाची साक्ष

(मॉरिशसमधील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात गुरुजींनी केलेले भाषण)



आज मी तुम्हांला माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगणार आहे.

माझे काका फोटोग्राफर होते. आमच्या गावातील लग्ने, बारशी, गणेशोत्सव यांचे फोटो तेच काढत. एकदा त्यांनी मला कॅमेऱ्याची दोन जुनी भिंगे दिली. ते म्हणाले, "यांतले एक पिवळे पडले आहे. कोणते, ते आता माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना कळत नाही. चांगले असेल ते शाळेला दे."

मी पहिले भिंग पांढऱ्या कागदावर ठेवले. सकाळी खिडकीजवळ त्याचा फोटो काढला. मग मी कामाला गेलो. दुसऱ्या भिंगाचा फोटो रात्री दिव्याखाली काढला. तो पिवळा आला! मी लगेच ठरवले, 'दुसरे भिंग खराब आहे.' ते मी टाकाऊ वस्तूंच्या खोक्यात ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही फोटो वर्गात दाखवले. एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, या फोटोत भिंगाभोवतीचा कागदही पिवळा दिसतो. मग कागदही खराब झाला का?"

मी गप्प झालो. कागद तर तोच होता. पिवळा होता तो दिव्याचा प्रकाश!

मुलांनो, आपला डोळा सहज फसतो. पिवळ्या दिव्याखाली थोडा वेळ बसले, की पांढरा कागद आपल्याला पांढराच वाटतो. कॅमेराही प्रकाश पाहून फोटोतील रंग आपोआप बदलतो. म्हणून वेगवेगळ्या वेळी काढलेल्या दोन फोटोंची तुलना करणे योग्य नाही.

मग आम्ही दोन्ही भिंगे एकाच कागदावर शेजारी शेजारी ठेवली. मध्ये थोडा कागद मोकळा सोडला. खिडकीजवळ, सावलीत एकच फोटो काढला. आता प्रकाश एक, कागद एक, कॅमेराही एक. फरक उरला तो फक्त भिंगांचा.

तो फोटो आम्ही संगणकावर पाहिला. संगणकात फोटोच्या प्रत्येक ठिपक्याला तीन अंक असतात. ते तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांचे असतात. प्रत्येक अंक ० ते २५५ यांमध्ये असतो. मोकळ्या कागदाचे तिन्ही अंक २०० च्या आसपास होते. दुसऱ्या भिंगातून दिसणाऱ्या कागदाचे तिन्ही अंक १९० च्या जवळ होते. म्हणजे कागद थोडा अंधुक दिसत होता, पण रंग बदलला नव्हता. पहिल्या भिंगात मात्र तांबडा १९०, हिरवा १८० आणि निळा फक्त १५० होता. निळा प्रकाश कमी झाला, की वस्तू पिवळी दिसते. पिवळे भिंग पहिलेच होते!

काही जुन्या भिंगांच्या काचेत थोरियम नावाचे द्रव्य मिसळत असत. अशी काच वर्षानुवर्षे राहिली, की पिवळी पडते.

मी खोक्यातून दुसरे भिंग काढले. मऊ फडक्याने पुसले. ते आज या टेबलावर आहे. काकांना हे सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "त्या मुलीलाच पहिला फोटो काढू दे."

बालमित्रांनो, प्रदर्शनात तुम्हीही हे करून पाहा. मात्र भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नका. आणि कुणालाही दोष देण्यापूर्वी शेजारचा कागद अवश्य पाहा.