दोन डासांवरचा निबंध



सर्जन-मेजर रोनाल्ड रॉस यांचा जो निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने १८ डिसेंबर १८९७ रोजी छापला, त्याच्या मथळ्यात हिवतापाचे कोडे सुटल्याची घोषणा नव्हती. हिवतापाच्या रुग्णाचे रक्त प्यालेल्या दोन डासांत आढळलेल्या काही विशेष रंगकणयुक्त पेशी, एवढाच विषय त्यात सांगितला होता. वैद्यकीय लेखनाचा आदर्श म्हणून हा संयम आजच्या पदवीदान समारंभात विचारात घेण्याजोगा आहे.

हिवतापाचा परोपजीवी, म्हणजे दुसऱ्या प्राण्याच्या शरीरावर जगणारा सूक्ष्म जीव, फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरां यांना १८८० मध्ये अल्जीरियात रुग्णांच्या रक्तात दिसला होता. हा जीव तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन खातो आणि त्याचा न पचणारा अंश काळसर कणांच्या रूपाने मागे उरतो. हेच कण रॉस यांच्या शोधाची खूण ठरले. सिकंदराबादेत हुसेन खान या रुग्णाला चावलेल्या, पंखांवर ठिपके असलेल्या डासाचे त्यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी विच्छेदन केले, तेव्हा जठराच्या भिंतीत तशाच कणांनी भरलेल्या गोल पेशी आढळल्या, आणि दुसऱ्या दिवशी फोडलेल्या डासात त्या अधिक मोठ्या दिसल्या. त्याआधी तपासलेल्या असंख्य डासांत असे काहीच नव्हते. (ज्याच्या रक्तावर हा शोध उभा राहिला त्या रुग्णाचे नाव इतिहासात टिकले, ही वैद्यकात दुर्मीळ आणि समाधानाची गोष्ट आहे.)

या पेशी म्हणजे परोपजीवीच्या वाढीची एक अवस्था असावी असा तर्क निबंधात आहे, परंतु रोग दंशातूनच पसरतो असा दावा नाही, कारण तसे अजून कोणी पाहिले नव्हते. रॉस यांचे मार्गदर्शक पॅट्रिक मॅन्सन यांची कल्पना तर मेलेले डास पाण्यात पडून ते पाणी माणसाच्या पोटात जात असावे, अशी होती. दंशाचा पुरावा १८९८ मध्ये कलकत्त्यात मिळाला, जेव्हा पक्ष्यांच्या हिवतापावर काम करताना रॉस यांना डासाच्या लाळग्रंथीत परोपजीवीची सूत्रासारखी बारीक रूपे सापडली आणि तसे डास चावलेले निरोगी पक्षी आजारी पडले. मानवी हिवतापाचा वाहक ॲनॉफिलिस डास आहे, हे त्याच वर्षी ग्रासी आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी दाखवले. श्रेयावरून पुढे जो कटू वाद झाला त्यात रॉस यांच्या लेखणीने आपला जुना संयम राखला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

त्या निबंधातील संयमाच्या उलट असे याच विषयातील एक उदाहरण अधिक बोधक आहे. डासाने सोडलेली ती बारीक रूपे थेट तांबड्या पेशीत शिरताना आपण पाहिली, असे फ्रिट्झ शाउडिन यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. उपदंशाचा जंतू दोनच वर्षांनी शोधणाऱ्या या थोर निरीक्षकाच्या शब्दाला एवढे वजन होते की, इतरांना ते दृश्य पुन्हा दिसत नसतानाही पाठ्यपुस्तके ते कित्येक दशके छापत राहिली. अखेर ते चुकीचे ठरले: शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की परोपजीवी आधी यकृतात वाढतो आणि मगच रक्तात उतरतो. परोपजीवीच्या 'व्हायव्हॅक्स' जातीची काही रूपे यकृतात महिनोन्‌महिने सुप्त राहतात, हे तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस स्पष्ट झाले.

हा सगळा इतिहास आज पदवी घेणाऱ्या डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण विभागात रोज उपस्थित असणार आहे. व्हायव्हॅक्सच्या रुग्णाला प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस दिल्या जातात त्या यकृतातील याच सुप्त रूपांसाठी. मात्र 'जी-सिक्स-पीडी' या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात, म्हणून आधी चौकशी आणि शक्य तेथे तपासणी करावी लागते, आणि गरोदर स्त्रियांना ते देता येत नाही. ताप उतरताच गोळ्या सोडणाऱ्या रुग्णाला रक्तात न दिसणारा जीव यकृतात उरू शकतो हे त्याच्या भाषेत समजावून सांगावे लागते. आणि तो काही महिन्यांनी पुन्हा थंडी वाजून आला, तर हा जुना संसर्ग उलटला की नवा डास चावला हे निश्चित सांगता येत नसेल, तेव्हा केसपेपरवर तसेच लिहावे लागते.