पैसा, भाव आणि बेकारी

भाववाढ कशाने होते? मिल्टन फ्रीडमन सांगत, मालापेक्षा पैसा वेगाने वाढला म्हणजे भाव चढतात. १९७९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी हेच सूत्र धरून पैशाच्या वाढीस लगाम घातला. व्याजाचे दर कडाडले. १९८० साली सुमारे १३.५ टक्के असलेली भाववाढ १९८३ साली सुमारे ३ टक्क्यांवर आली; पण १९८२ च्या अखेरीस दर १०० कामकऱ्यांत जवळजवळ ११ बेकार होते. पैसा हातोहात फिरण्याचा वेगही स्थिर राहीना, म्हणून त्याच वर्षी ते सूत्र ढिले करावे लागले. औषध लागू पडले, हे आम्ही मान्य करतो; परंतु त्याचा कडूपणा कोणाच्या वाट्यास गेला, हे विचारल्यावाचून आम्ही वैद्याची स्तुती करणार नाही.