मोराचे नाव कोणी नेले?



कामगार चळवळीतल्या माणसाने हिब्रू भाषेतल्या मोरावर बोलावे, याचे सीताबर्डीकरांना नवल वाटेल. पण ही भाषा आपल्याला अगदीच परकी नाही. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाची घरची बोली मराठी, प्रार्थनेची भाषा हिब्रू. शनिवारी ते तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत.

त्यांच्या धर्मग्रंथात शलमोन राजाच्या गलबतांची हकीकत आहे. तीन वर्षांतून एकदा ती सोने, रुपे, हस्तिदंत, वानर आणि मोर घेऊन परतत. तेथे वानरांना 'कोफीम' आणि मोरांना 'तुक्कीयीम' म्हटले आहे. शेवटचा 'ईम' हा अनेकवचनाचा प्रत्यय. तो सोडला की 'कोफ' आणि 'तुक्की' उरतात. आता 'कोफ'शेजारी आपला 'कपि' ठेवून पाहा, आणि 'तुक्की'शेजारी तमिळ 'तोगै'. तोगै म्हणजे मोराचा पिसारा, आणि मोरही. हे दुसरे नाते रॉबर्ट काल्डवेल याने १८५६ साली द्राविडी भाषांच्या व्याकरणात मांडले. पंडितांत मतभेद आहेत. काहीजण या शब्दांचे मूळ मिसर देशाच्या भाषेत शोधतात. पण हा निळा मोर मूळचा भारत-सिंहलाचा पक्षी. पक्ष्याबरोबर त्याचे नावही गेले, हे मला पटते.

मग ते नाव नेले कोणी? राजाने खासच नाही. ज्याने पिंजरा खांद्यावर वाहिला, गलबतात पाखराला दाणा टाकला, त्यानेच बंदरावर विचारणाऱ्याला नाव सांगितले असणार. शलमोनाचे नाव ग्रंथात राहिले, त्याचे राहिले नाही. त्याच्या तोंडचा शब्द मात्र राहिला.

पुढची मौज पाहा. आजच्या हिब्रूत 'तुक्की' म्हणजे पोपट! मोराला 'तवास' म्हणतात. तख्त-ए-ताऊसमधल्या 'ताऊस'चा तो भाऊ. शब्दालाही आपले काम बदलावे लागते.

परके शब्द वेचून भाषा शुद्ध करा, असे सांगणारे आपल्यात आहेत. त्यांना माझा एकच प्रश्न आहे. 'मजूर' फारसी, 'हमाल' अरबी, 'मुकादम'ही अरबी. हे सारे हद्दपार केले, तर इतवारीच्या बाजारात पोते कोण उचलणार? शब्द कोठून आला, एवढ्यावरून तो परका ठरत नाही. जो आपल्यात राबला, तो आपला. माणसांनाही हाच न्याय लावावा, एवढीच विनंती.