उपवास मोडण्याची घाई नको

(निसर्गप्रेमी तरुण व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दारी आलेला जीव उपाशी जाऊ नये, हा आपल्या घराघरांतला संस्कार आहे. पंख मोडलेले पाखरू असो वा वाट चुकलेले वासरू असो, ते अंगणात आले की पहिली हाक स्वयंपाकघरात जाते. हा संस्कार मोलाचा आहेच. परंतु एक प्राणी असा आहे, की ज्याच्या बाबतीत हीच माया त्याच्या जिवावर बेतू शकते. तो प्राणी म्हणजे साप.

आज गावोगावी सर्पमित्र तयार झाले आहेत. काठीने ठेचला जाणारा साप पकडून सोडला जातो, ही समाधानाची गोष्ट आहे. पण कित्येकदा साप जखमी असतो. बागेच्या जाळीत अडकून धामणीची कातडी फाटलेली असते, तर गारुड्याच्या टोपलीतून सोडवलेल्या नागाचे दात तोडलेले असतात. अशा सापाला काही दिवस ठेवून घ्यावे लागते आणि मग चिंतेचा सूर उमटतो, "चार दिवस झाले, तो काहीच खात नाही!"

येथे पहिली गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडील रानातला साप घरी पाळणे हा गुन्हा आहे. जखमी साप घरातल्या खोक्यात न ठेवता वनखात्याच्या स्वाधीन करावा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा मदत क्रमांक आहे. सापाची शुश्रूषा वनखात्याच्या देखरेखीखाली व पशुवैद्याच्या सल्ल्यानेच व्हावी. मी पुढे जे सांगणार आहे, ते अशा ठिकाणी सेवा करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

सापाचे न खाणे म्हणजे दरवेळी संकट नव्हे. आपण अन्नातील मोठा भाग शरीर उबदार राखण्यातच खर्च करतो. साप ती ऊब उन्हातून, तापलेल्या दगडातून घेतो. त्यामुळे त्याची गरज अत्यल्प असते आणि धडधाकट मोठा साप कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिनेही अन्नावाचून राहू शकतो. कात टाकण्यापूर्वी त्याचे डोळे दुधाळ होतात, तेव्हा तो भक्ष्याकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते, स्नायू थरथरवून अंड्यांना ऊब देते आणि त्या काळात बहुधा काहीही खात नाही. मातृत्वाचे याहून कठोर व्रत कोणते?

मग काळजी केव्हा करावी? पाठीचा कणा वर दिसू लागला, वजन सतत घटू लागले, तोंडातून चिकट स्राव येऊ लागला किंवा साप तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागला, तर विलंब न करता पशुवैद्याला दाखवावे. म्हणूनच आठवड्यातून एकदा वजन करून ते वहीत लिहून ठेवणे हे दहा वेळा उंदीर दाखवण्यापेक्षा उपयोगाचे आहे.

ही लक्षणे नसतील, तर न खाण्याची कारणे बहुधा आपल्याच व्यवस्थेत सापडतात. जागा थंड असेल तर साप खात नाही, कारण उबेवाचून त्याला अन्न पचत नाही. पचण्याआधी ते आत कुजू लागते किंवा तो ते ओकून टाकतो. लपायला आडोसा नसेल तरीही तो खात नाही. आपल्याला काचेची पेटी सुंदर दिसते, त्याला मात्र चारही बाजूंनी शत्रू दिसतात. एक बाजू उबदार, एक बाजू थंड, अंग चिकटेल एवढा अंधारा आडोसा आणि स्वच्छ पाण्याचे उथळ भांडे, एवढे दिल्यावर माणसाने तेथून दूर व्हावे. छायाचित्रे नकोत, पाहुण्यांना दाखवणे नको, हाताळणे नको.

दुसरे कारण म्हणजे चुकीचे ताट. सगळे साप उंदीर खात नाहीत. दिवड मासे आणि बेडूक खाते. वाळा मुंग्या आणि वाळवी यांची अंडी व अळ्या खातो. विदर्भात आढळणारा अंडीखाऊ साप पक्ष्यांच्या अंड्यांवर जगतो. साप नेमका कोणता, हे ओळखल्याशिवाय त्याच्या न खाण्याबद्दल बोलणेच व्यर्थ आहे.

सर्वांत घातक उपाय म्हणजे बळजबरी. सापाच्या तोंडाच्या तळाशीच श्वासनलिकेचे द्वार असते. नवख्या हाताने ओतलेले दूध वा अंड्याचा बलक थेट फुप्फुसात जाऊ शकतो आणि वाचवलेला जीव न्यूमोनियाने दगावतो. दूध तर सापाचे अन्नच नव्हे. तहानेने व्याकुळ झालेला साप समोर येईल तो द्रव पितो. नागपंचमीच्या टोपलीतला नाग दूध पिताना दिसतो, त्यामागे कित्येक दिवसांची तहान असते. कधी कधी तर त्याचे तोंडही शिवलेले असते.

नागपंचमीला आपल्या घरी चिरत नाहीत, तळत नाहीत. शेतकरी त्या दिवशी नांगर धरत नाही, जमीन खणत नाही. पाटावर रेखलेल्या किंवा मातीच्या नागाची पूजा होते. या आचारात मला एक शहाणपण दिसते. भूमीखालच्या त्या शेजाऱ्याला त्रास होऊ नये, हाच या दिवसाचा भाव आहे. दुधाचा नैवेद्य प्रतिमेपुढे ठेवावा, जिवंत नागाच्या तोंडाला तो लावू नये.

मित्रहो, सेवा करणाऱ्यालाही एक सूक्ष्म अहंकार जडतो. माझ्या हातून त्याने खावे, ही इच्छा प्रेमासारखी दिसते, पण तीत 'मी' मोठा असतो. कुत्रा शेपूट हलवून, गाय हंबरून आपल्या मायेची पोच देते. साप तसे काहीच करत नाही. तो आपल्याला ओळखणार नाही, आपले आभार मानणार नाही. ज्याच्याकडून काहीही परत मिळणार नाही, त्याची त्याच्या स्वभावाप्रमाणे केलेली सेवा ही म्हणूनच निरपेक्षतेची कसोटी आहे.

जखम भरली, अंगात बळ आले, की जिथून त्याला आणले त्याच परिसरातील योग्य जागी वनखात्याच्या संमतीने त्याला सोडावे. तो गवतात शिरताना मागे वळून पाहणार नाही. पहिली शिकारही तो आपल्या नजरेआड करील. त्याचा उपवास तिथे सुटावा, यातच आपल्या सेवेची पूर्तता आहे.